रविवारी देवाजवळ जाताना

आनंदाने उपासना करा, असे पाळकसाहेब सांगतात तेव्हा बाकांवरची कितीतरी माणसे मनातून चपापतात. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाचे सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे. आनंद आणायचा कुठून? ओढूनताणून चेहऱ्यावर आणावा तर देवासमोर सोंग होईल, आणि न आणावा तर आपल्या विश्वासातच काही खोट आहे की काय, ही टोचणी. या टोचणीपायी चर्चला येणे सोडून दिलेली माणसे मला भोपाळात भेटली आहेत. हा लेख आधी त्यांच्यासाठी आहे, मग इतरांसाठी.

ख्रिस्ती श्रद्धेने आनंदाचे मूळ आपल्या मनःस्थितीत शोधलेलेच नाही. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्रस्थानापुढे पडदा असे. त्या पडद्याआड वर्षातून एकदाच, तोही फक्त प्रमुख याजक, तोही स्वतःच्या आणि लोकांच्या पापांसाठी रक्त घेऊनच जाई. बाकी सारी प्रजा बाहेर. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय सांगतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय त्याचा अर्थ उलगडतो: वाट आता मोकळी आहे, तेव्हा बिचकू नका, धैर्याने जवळ या. शंभरावे स्तोत्र लोकांना ज्या हर्षाने देवाच्या अंगणात बोलावते, तो ख्रिस्ती माणसासाठी या मोकळ्या वाटेचा हर्ष आहे. तुम्ही खिन्न असलात म्हणून वाट बंद होत नाही. हे ज्याला पटले त्याने चर्चच्या पायऱ्या चढताना चेहरा सावरण्याची धडपड सोडून द्यावी.

फार दिवसांनी येणाऱ्याने लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचून यावे. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि घर सोडून गेलेला मुलगा अशा तीन गोष्टी त्यात आहेत, आणि तिन्हींत आनंद आधी शोधणाऱ्याला होतो. मेंढपाळ शेजाऱ्यांना हाका मारतो, बाप धावत सुटतो. मुलाला आनंद झाला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही. तुम्ही परत बाकावर येऊन बसलात एवढ्यानेच कुणाला तरी हर्ष झालेला असतो. तुमचा हर्ष मागाहून आला तरी चालेल.

तयारी मात्र हवी, आणि ती शनिवारी संध्याकाळी सुरू व्हावी. रविवारची सकाळ घराघरांत कशी जाते ते आपण सारे जाणतो. साडीला इस्त्री नाही, धाकट्याचा एक बूट पलंगाखाली, वीज गेलेली, दुधाचे पातेले उतू गेलेले, आणि चर्चच्या फाटकात पोचेपर्यंत नवराबायकोत अबोला. मग पहिल्या गीताला तोंड उघडत नाही, आणि आपण म्हणतो, आज उपासनेत मन लागले नाही. मन लागेल कसे? कपडे शनिवारीच काढून ठेवा. मुलांच्या खिशात त्यांच्या हाताने टाकायचे दान आदल्या रात्री घाला. जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशीची वाचने घरात मोठ्याने वाचा. मिस्साची वाचने तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकसाहेबांना फोन केला तर ते आनंदाने सांगतील. जो उतारा एकदा कानावरून गेला आहे तो चर्चमध्ये ऐकताना ओळखीचा वाटतो, आणि प्रवचनातले दुप्पट हाती लागते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल चाळत बसणे शनिवारपुरते तरी सोडा. आणि दहा मिनिटे आधी पोचा. त्या दहा मिनिटांत फार काही करायचे नाही: गेल्या आठवड्यातली एक गोष्ट आठवून आभार माना, एक चूक कबूल करा, आणि एका माणसाचे नाव देवापुढे ठेवा.

आता भाषेचे बघू. भोपाळातल्या मराठी ख्रिस्ती घरांची ही खास अडचण आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी घरे इकडे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती वसल्या. आजीची प्रार्थना मराठीत, नातवंडांची शाळा हिंदी-इंग्रजीत, आणि रविवारची आराधना हिंदीत. मधल्या पिढीला हिंदी गीते तोंडपाठ होतात, पण ती आत उतरायला वेळ लागतो. आजीला तर सारा वेळ पाहुण्यासारखे बसावे लागते.

यावर उपाय भांडणाचा नाही. चर्चमध्ये ‘जय मसीह की’ म्हणा, हिंदी गीते मनापासून गा, ती शनिवारी डोळ्यांखालून घाला. पण घरची संध्याकाळची प्रार्थना मराठीत ठेवा, आणि तिच्यात रोज एक तरी मराठी गीत असू द्या. आपल्याकडे ती दौलत फार मोठी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले. ख्रिस्ताची कथा मराठी माणसाने बसून, ऐकत, डोलत अनुभवावी हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी उमगले होते. पुढे अहमदनगरच्या मंडळीत कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आणि नारायण वामन टिळक! 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1919 मध्ये ते गेले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीच्या तोंडी इतकी गीते दिली की आजही ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की पानोपानी त्यांची गाठ पडते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. ख्रिस्ताला माऊली म्हणून हाक मारायला त्यांना जराही संकोच वाटला नाही. ज्या देवाला माऊली म्हणता येते त्याच्याजवळ जाताना पाय अडखळत नाहीत; म्हणून टिळकांचे एखादे भजन घरातल्या लहानग्यांना शिकवा, अर्थ कळेल तेव्हा कळेल.

कॅथॉलिक वाचकांना एक आठवण करून देतो. भोपाळचा महाधर्मप्रांत सप्टेंबर 1963 मध्ये स्थापन झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला. लोकांची भाषा आणि लोकांचे संगीत यांना उपासनेत मानाची जागा त्यातून मिळाली. जहांगीराबादचे असिसीच्या संत फ्रान्सिसचे कथीड्रल, शहरातले सर्वांत जुने मानले जाणारे चर्च, त्याच्याही आधीचे. बेगमांच्या राजवटीत, फ्रान्सच्या राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या बोर्बन कुटुंबाच्या पुढाकाराने ते उभे राहिले. मुसलमान राज्यकर्त्या, फ्रेंच आडनावाचे सरदार आणि हिंदीत घुमणारी प्रार्थना; या शहरात देवाजवळ जाण्याच्या वाटा पहिल्यापासूनच मिसळलेल्या आहेत. आपली मराठी त्यात परकी नाही.

इथपर्यंत सोपे होते. भोपाळात राहून आनंदाविषयी बोलायचे तर 3 डिसेंबरला वळसा घालून जाता येत नाही.

1984 साली 2 डिसेंबरला रविवार होता, आणि ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. सकाळी ठिकठिकाणच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्याचा काळ सुरू झाला, आणि त्याच रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. तेव्हापासून या शहरात नाताळची चाहूल आणि मृतांची आठवण एकाच आठवड्यात येतात. दरवर्षी 3 डिसेंबरला बरकतुल्लाह भवनात सर्वधर्म प्रार्थनासभा होते. वेगवेगळ्या धर्मांचे लोक तिथे आपापल्या ग्रंथांतून वाचतात. ज्यांच्या घरातली माणसे त्या रात्री गेली, ज्यांची फुफ्फुसे अजून साथ देत नाहीत, त्यांच्या शेजारी बसून आपण हर्षगीत गायचे कसे?

याचे उत्तर बायबलने स्तोत्रांतच दिलेले आहे. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. देवा, किती काळ? तू मला विसरलास का? माझे शत्रू हसतात. असे सारे तिथे मोकळेपणी म्हटलेले आहे, आणि तेच पुस्तक मंडळीचे गीतांचे पुस्तक होते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे तेवढे वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ते काढून टाकावे असे कुणाला वाटले नाही. मला यात मोठा दिलासा दिसतो: अंधारात संपणारी प्रार्थनाही प्रार्थनाच असते, कारण ती देवाला उद्देशून केलेली असते. देवापाशी रडता येणे हाही जवळ जाण्याचाच प्रकार आहे. आणि न्याय मागणे उपासनेच्या आड येत नाही. स्तोत्रकर्ते देवाकडे पुन्हा पुन्हा न्यायच मागतात, मग भोपाळच्या माणसाने का मागू नये?

म्हणून माझा आग्रह आहे की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या मंडळीत एक तरी विलापस्तोत्र मोठ्याने वाचले जावे, आणि ते वाचायला त्या रात्रीची झळ लागलेल्या घरातले कुणी उभे राहावे. वाचल्यावर लगेच टाळ्यांचे गीत घेऊ नका. दोन मिनिटे थांबा. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी आगमनकाळाचा तिसरा रविवार येतो. अनेक चर्चमध्ये त्या दिवशी जांभळ्या मेणबत्त्यांमध्ये एक गुलाबी मेणबत्ती लावतात. तो आनंदाचा रविवार. वाट पाहणे अजून संपलेले नसते, तरी मध्येच आनंदाचा दिवस पंचांगात घालून ठेवलेला आहे. पहिल्या आठवड्यात ज्यांना रडू दिले, त्यांना हा तिसरा रविवार खरा वाटतो.

घरीही हे करता येईल. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा. पाच महिन्यांत दीडशे होतात. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात ती तीस दिवसांत वाटलेली आहेत, म्हणजे सरासरीने दिवसाला पाच. तुम्हाला झेपेल ते धरा, पण क्रम मोडू नका. आपण निवडायला बसलो की गोड स्तोत्रे तेवढी निवडतो, आणि मग वाईट दिवस आला की तोंडात शब्द नसतात.

मनातल्या अढीविषयी येशूने फार स्पष्ट सांगितले आहे. वेदीजवळ अर्पण घेऊन आलात आणि भावाचे मन आपल्याविरुद्ध दुखावलेले आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. डोंगरावरच्या प्रवचनातली ही आज्ञा आपण सर्वांत कमी पाळतो. त्याचे कारण भीती आहे, आणि ती मी समजू शकतो. पण आपल्याच मध्य प्रदेशातली एक गोष्ट सांगतो. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांत काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये भोसकून मारण्यात आले. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला भेटली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला क्षमा केली, आणि त्यानेही पश्चात्ताप केला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले. एवढी क्षमा सगळ्यांना जमेल असे मी म्हणत नाही, आणि अन्याय झालेल्या माणसावर क्षमेची सक्ती करणे तर क्रूरपणा आहे. पण वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून, मंडळीच्या निवडणुकीवरून तुटलेली बोलणी तरी? शनिवारी एक फोन करा. समोरच्याने उचलला नाही तरी तुमच्याकडून पाऊल पडले. कॅथॉलिक असाल तर रविवारची वाट न पाहता फादरांकडे पापनिवेदनाला जा. यानंतर गायलेले पहिले गीत कसे लागते ते स्वतःच अनुभवा.

गाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मंडळीचा आनंद बहुतेक वेळा इथेच अडतो. पेटीवाला स्वतःच्या किंवा मुख्य गायिकेच्या सोयीने पट्टी चढवतो. पहिले कडवे कसेबसे निघते, दुसऱ्यात मागच्या बाकांवरची माणसे गप्प होतात, तिसऱ्यात फक्त माइक गातो. पट्टी खाली घ्या. मागच्या बाकावरच्या आजोबांना वरचा सूर गाठता आला पाहिजे, हाच मापदंड. ठेका साधा असू द्या: केरवा, दादरा किंवा भजनी ठेका. ढोलकी आणि झांज असतील तर ड्रमसेटशिवाय काही अडत नाही. नवे गीत एकाच रविवारी गाऊन सोडून देऊ नका. महिनाभर ठेवा म्हणजे ते लोकांचे होईल. आणि माइकचा आवाज एवढाच ठेवा की शेजारच्याचा आवाज ऐकू येईल. सगळी मंडळी एकमेकांना ऐकत गाते तेव्हाच ते मंडळीचे गाणे असते.

आपल्या जुन्या मराठी मंडळ्यांत ताठ बसण्याची, हात न हलवण्याची शिस्त होती. नव्या सभांत हात वर केलेच पाहिजेत, टाळ्या वाजल्याच पाहिजेत, असा आग्रह असतो. मला दोन्ही सक्ती मान्य नाहीत. दाविदाने कराराच्या कोशापुढे नाच केला, हे खरे. आणि येशूच्या दृष्टांतातला जकातदार दूर उभा राहून, मान खाली घालून, छाती बडवत राहिला आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला, हेही खरे. टाळी वाजवावीशी वाटली तर वाजवा. गुडघे टेकावेसे वाटले तर टेका. शेजारचा काय करतो याची नोंद ठेवू नका. मुलांना मात्र सतत ‘शू’ करू नका. मंदिरात ओरडणाऱ्या मुलांवरून याजक संतापले तेव्हा येशूने मुलांची बाजू घेतली. त्यांच्या हातात झांज द्या, दानाची पिशवी फिरवायला द्या. अंगाला काम मिळाले की लक्षही लागते.

इतके करूनही काहींना आनंद होणार नाही. महिनोन्महिने होणार नाही. झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, प्रार्थनेचे शब्द कोरडे वाटतात. अशा माणसाला विश्वास कमी पडतो असे कृपा करून म्हणू नका. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. बोलणे त्यानंतर. अशा माणसाला आपणही आधी जेवायला घाला, डॉक्टरांकडे सोबत जा, औषध चालू असेल तर ते थांबवायला सांगू नका. चर्चमध्ये तो नुसता बसून राहिला तरी पुरे. त्याच्या वाटचे गाणे मंडळी गाते, मंडळी असते ती त्यासाठीच. आणि जो अंथरुणाला खिळला आहे त्याच्या घरी प्रभुभोजन न्यायची व्यवस्था पाळकसाहेब किंवा फादर करतात. सांगायला संकोच करू नका, त्यांना कळवणारे कुणी नसते म्हणून कित्येक घरे राहून जातात.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की आज रडू नका, गोडधोड खा, आणि ज्यांच्याकडे काही शिजलेले नाही त्यांना वाटे पाठवा. आनंद करायची आज्ञा आणि वाटे पाठवायची आज्ञा एकाच वाक्यात आहेत. तर रविवारी घरी आल्यावर पुलावाचे पातेले जरा मोठे लावा. एक डबा शेजारच्या एकट्या आजोबांना, एक हमीदिया रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाला. आणि ज्या आजींना हिंदी आराधना नीट कळत नाही, त्यांच्याकडे संध्याकाळी मुलांना घेऊन जा. ‘उपासना संगीत’ बरोबर न्या, आणि पट्टी त्यांना ठरवू द्या.